पडद्यावर उजेड, हिशेबावर अंधार



सोयाबीनची काढणी नुकतीच आटोपली होती. बैठकीच्या निमित्ताने आम्ही एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला होतो. घरात माणसे पाच आणि पडदे चार. आजी टीव्हीसमोर मालिका बघत बसलेल्या. मुलगा मोबाइलवर क्रिकेट बघत होता, मुलगी छोटे व्हिडिओ सरकवत होती. आमचा कार्यकर्ता कानाला वायर लावून 'सोयाबीनचे भाव कधी वाढणार' हे कुणा अनोळखी माणसाकडून ऐकत होता. पाचव्या वहिनी. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

जेवणे झाली. आम्ही हात धुवायला मोरीपाशी गेलो तेव्हा वहिनींनी तांब्या पुढे करत हळू आवाजात विचारले, "भाऊ, बँकेची नोटीस आल्यावर पुढं काय होतं? पाइपलाइनचं कर्ज थकलंय, हे मला पोस्टमननं कागद दिला तेव्हा कळलं."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. नवरा-बायको एका छपराखाली राहतात, एकाच वावरात राबतात, आणि बायकोला कर्जाची बातमी पोस्टमन देतो!

जिल्ह्याच्या बैठकांमध्ये आता हा विषय वारंवार निघतो. वडीलधारी मंडळी उठतात आणि सांगतात, टीव्हीने घर बिघडवले, मोबाइलने पोरे बिघडवली, यावर संघटनेने काहीतरी करावे. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही खिशात फोन वाजतच असतो. या म्हणण्यात निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे मात्र आपल्याच पदराखाली लपलेले आहे. ते आज मांडायचे आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. टीव्ही खेड्यात आणताना सरकारने शेतकऱ्याचेच नाव पुढे केले होते. 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ ला सुरू झाला, तोही दिल्लीभोवतीच्या खेड्यांसाठी. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. तेव्हा गावाला एक संच असे. पडदा एक, बघणारे शंभर. कार्यक्रम संपला की लोक तिथेच बसून बोलत.

आमच्या लहानपणी, १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा वस्तीवर एकच टीव्ही होता. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत. एकजण पत्र्यावर चढून अँटेना फिरवी आणि खालून सगळे ओरडत, "आलं, आलं, गेलं!" पुढे १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लीत केबल आली आणि प्रत्येक घरात संच गेला. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की प्रत्येक हातात पडदा आला. गावाचा पडदा घराचा झाला, घराचा पडदा माणसाचा झाला. पडदा लहान होत गेला तसा त्याच्याभोवतीचा घोळकाही लहान होत गेला. आता प्रत्येक पडद्यासमोर एकेकटा माणूस बसला आहे.

म्हणून पूर्वीचे सगळे सोन्याचे होते काय? वडीलधारी मंडळी पारावरच्या गप्पांची आठवण काढतात. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, त्या पारावर तुमची सून कधी बसली होती का? पारावर गावाचे निर्णय होत आणि माजघरात ते कळवले जात. केबल टीव्ही खेड्यात आल्यावर काय झाले याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यासह काही राज्यांतल्या खेड्यांमधली पाहणी त्यासाठी वापरली होती. ज्या गावांत केबल आली तिथे नवऱ्याने मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात बायकांचा शब्द वाढला. ज्या मालिकांना आपण नाके मुरडतो त्यांनी हे केले. आपल्या भाषणांनी किती केले, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तंत्रज्ञानाला नको म्हणणे शेतकऱ्याला कधीच परवडलेले नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचला. त्याआधी मच्छीमार मासळी घेऊन एका बंदराला लागे. तिथे गिऱ्हाईक नसेल तर मासळी समुद्रात फेकावी लागे, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक वाट बघत असे. फोन आल्यावर तो समुद्रातूनच भाव विचारू लागला. मासळी फेकणे जवळजवळ थांबले. मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. ना अनुदान, ना योजना. भाव विचारण्याची सोय झाली, एवढेच.

पण हाच फोन आपल्याकडे काय करतो तेही पाहिले पाहिजे. कृषी पदवीधर म्हणून आम्हाला लोक शेत दाखवायला नेतात. एका गावात कांद्याची पात करपलेली दिसली. तणनाशक मारले होते, व्हिडिओत बघून. व्हिडिओतला माणूस म्हणाला, "एका पंपाला इतकं घ्या." त्याचा पंप २० लिटरचा, आमच्या शेतकऱ्याचा १६ लिटरचा. द्रावण सव्वापट कडक झाले. बाटलीवरच्या पत्रकात प्रमाण छापलेले होते, ते कुणी वाचले नाही. दुकानदाराकडे पक्के बिल असते, त्या बिलावर तक्रार तरी करता येते. व्हिडिओचे बिल नसते. सांगणाऱ्याला बघणाऱ्यांच्या संख्येवर पैसे मिळतात, कांद्याच्या वजनावर नाही. त्याचे पीक कधीच बुडत नाही.

आणि त्या घरात बायकोने विचारले असते, "अहो, पत्रकावर काय लिहिलंय?" तर? किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने लिटरचा हिशेब करून दिला असता तर? पण विचारायला आधी सांगावे लागते. आपण सांगत नाही.

आमचे म्हणणे इथे येऊन थांबते. पडद्याने आपले घर मोडलेले नाही. शेतीचा तोटा घरात बोलून दाखवायची आपल्याला लाज वाटते. एकरी खर्च किती आला, माल कितीला गेला, कर्ज किती, व्याज किती, हे कारभारी कुणालाच सांगत नाही. हा अबोला टीव्हीच्या आधीपासूनचा आहे. पूर्वी निदान जेवताना शांतता असे आणि त्या शांततेत कुणीतरी विचारून बसे, "आज गप्प का?" आता शांतताच उरली नाही. पडदा आवाज करत राहतो आणि आपला अबोला त्यात झाकून जातो. तोटा भावाने झाला, धोरणाने झाला, पावसाने झाला. त्यात लाज कसली? पण तो एकट्याच्या छातीवर ठेवला की माणूस त्याखाली दबतो. पुढे काय होते ते या पत्रकाच्या वाचकांना सांगायला नको.

आम्हीही यातून सुटलेलो नाही. बैठकांचे निरोप बघता बघता आम्ही जेवत होतो. मुलगी दोनदा काही बोलली, तिसऱ्यांदा बोलली नाही. तिला फीचे पैसे भरायचे होते. दुसऱ्या दिवशी मुदत संपल्यावर आम्हाला कळले.

म्हणून फोन फोडा, टीव्ही विका असला ठराव आम्ही मांडणार नाही. आमच्या सूचना दोनच आहेत.

पहिली. बाजाराच्या दिवशी रात्री, पैसे घरात आल्यावर, तासभर सगळे पडदे बंद. एकच फोन मधे ठेवायचा, तोही बेरीज-वजाबाकीसाठी. पट्टी, खताचे बिल, बँकेचे पासबुक सगळ्यांसमोर मांडायचे. वही घरच्या लेकीने किंवा सुनेने लिहायची. मालक नुसते आकडे सांगतील.

दुसरी. बघणे कमी करा, दाखवायला लागा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईला निघाले. त्यांच्या सोललेल्या तळपायांची चित्रे शहरातल्या पडद्यांवर गेली आणि मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. संघटना कोणाची हा प्रश्न वेगळा. चित्राची ताकद तर दिसली. मग आपल्या फोनचा कॅमेरा लिलावाकडे वळवा. वजनकाट्याकडे वळवा. पट्टीतल्या कपातीचा फोटो काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.

त्या वहिनी पुढच्या बैठकीला नवऱ्याबरोबर आल्या होत्या. पिशवीत नोटीस होती आणि दोनशे पानी वही. वहीची पहिली चार पाने भरलेली होती. बँकेकडे हप्ते पाडून मागण्याचा अर्ज आम्ही तिथेच त्या वहीवरून लिहिला. कर्ज अजून फिटलेले नाही. पण ते किती आहे, हे आता घरातल्या पाचही जणांना ठाऊक आहे.