गिरेबाज कबुतरांचे पाणी : तहान हा लगाम नव्हे

आकाशात उंच उडत असता एकाएकी मागच्या बाजूस कोलांट्या घेत खाली येणारे आणि पुन्हा सावरून थव्यात मिसळणारे कबुतर पाहून ज्याची नजर खिळली नाही, असा मनुष्य विरळाच. महाराष्ट्रात अशा कबुतरांस गिरेबाज म्हणतात. अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त बादशाही कबुतरांच्या गिरक्यांचे व कोलांट्यांचे वर्णन केलेले आहे, यावरून हा छंद किती जुना आहे याची कल्पना येईल. याच प्रकारातील बर्मिंगहॅम रोलर ही जात इंग्लंडातील बर्मिंगहॅम व त्याच्या आसपासच्या कोळसा-लोखंडाच्या प्रदेशात १९ व्या शतकात कामगारवर्गाने पैदास करून स्थिर केली. विसाव्या शतकात विल्यम पेन्सम या कबुतरपालकामुळे ती अमेरिकेत विशेष प्रसिद्धीस आली. आज या जातीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. थव्यात २० पर्यंत पक्षी आणि २० मिनिटांचा अवधी असतो, व निदान ५ पक्ष्यांनी एकाच वेळी कोलांट्या घेतल्या तरच गुण मिळतात.

अशा पक्ष्यांचा दाणा पालक मोठ्या काळजीने मोजतात. उडवावयाच्या आदल्या दिवशी गहू किती, ज्वारी किती, वाटाणा द्यावा की न द्यावा, याची चर्चा तासन् तास चालते. पाण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक ढाबळींत एकच रूढी दिसते. सायंकाळी दाणा झाला की भांडे दहा-पंधरा मिनिटे पुढे ठेवावयाचे आणि मग दुसऱ्या दिवशीचे उड्डाण आटोपेपर्यंत उचलून ठेवावयाचे. ही रूढी पक्ष्याच्या हिताची नाही आणि पालकाच्याही हिताची नाही. दाण्याने पक्ष्यास शिस्त लावता येते, तहानेने लावता येत नाही.

रूढीच्या बाजूने काय म्हणता येईल

या रूढीमागे काहीच विचार नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उड्डाणापूर्वी पोटभर पाणी प्यालेला पक्षी जड होतो व लवकर उतरू पाहतो, हा पालकांचा अनुभव आहे. तहानलेला पक्षी छपरावर रेंगाळत न बसता तडक ढाबळीत शिरतो, हेही ते पाहतात. पाणी कमी असल्यास शीट कोरडी पडते व ढाबळ स्वच्छ राहते, असा तिसरा लाभ सांगितला जातो. या तिन्ही गोष्टींत तथ्याचा अंश आहे. परंतु त्यांसाठी द्यावी लागणारी किंमत सहसा हिशेबात धरली जात नाही.

तहानेची किंमत

कबुतराचा आहार सर्वस्वी कोरड्या दाण्याचा असतो. साठवणीच्या धान्यात पाण्याचा अंश शेकडा १० ते १२ एवढाच असतो. दाणा प्रथम गळ्याखालील अन्नपिशवीत साठतो व तेथे भिजून मऊ झाल्यावर पुढे सरकतो. पाणी नसेल तर तो तेथेच अडून राहतो. म्हणूनच पाणी तुटलेला पक्षी लवकरच दाणाही कमी खाऊ लागतो. पालकास वाटते की आपण पूर्ण मापाचा दाणा देतो. प्रत्यक्षात तहानेबरोबर उपासही घडत असतो. दाण्याचे काळजीपूर्वक ठरविलेले माप त्यामुळे निरर्थक होऊन बसते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कबुतरास घाम येत नाही. त्याच्या शरीराचे उष्णतामान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. बाहेर ऊन वाढले की उघड्या चोचीने धापा टाकून आणि त्वचेवाटे पाण्याची वाफ होऊ देऊनच त्यास अंग थंड राखावे लागते. दोन्ही मार्गांनी पाणीच खर्च होते. इंग्लंडच्या थंड हवेत जी रूढी पक्ष्यास कशीबशी सोसते, तीच विदर्भात मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असता, त्याच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडाची. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ नत्र युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. शिटेतील पांढरा भाग तो हाच. शरीरातील पाणी वारंवार कमी पडल्यास हे आम्ल पुरेसे बाहेर न पडता मूत्रपिंडात व हृदयाच्या आवरणावर खडूसारखे साचू लागते. असा पक्षी बाहेरून बराच काळ धडधाकट दिसतो व मग काही दिवसांतच मरतो. मग दोष दाण्याला दिला जातो, किंवा हवेला.

कोलांट्या घेणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. कोलांटी वेळेवर थांबली नाही तर पक्षी जमिनीवर आदळून मरतो, हे प्रत्येक पालकास ठाऊक असते. ज्या खेळात क्षणात सावरावे लागते, तो खेळ तहानेने शिणलेल्या शरीराकडून करवून घेणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय स्पर्धेचा अवधी २० मिनिटांचा. एवढ्या अल्प उड्डाणासाठी पक्ष्यास दिवसभर कोरडे ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही.

मध्यम मार्ग

याचा अर्थ उड्डाणाच्या क्षणापर्यंत भांडे पुढे असलेच पाहिजे असा नाही. थोडा वेळ भांडे उचलणे निराळे आणि पक्ष्यास तहानलेले ठेवणे निराळे. कबुतर रात्री पाणी पीत नाही. सबब अंधार पडल्यावर भांडे काढून धुऊन ठेवण्यास हरकत नाही. पहाटे उजाडताच ताजे पाणी ठेवावे. सकाळी उडवावयाचे असल्यास त्यापूर्वी सुमारे एक तास भांडे उचलावे. तेवढ्याने पक्षी हलका राहतो. उतरताच प्रथम पाणी, नंतर दाणा आणि मग पुन्हा पाणी, असा क्रम ठेवावा व सायंकाळपर्यंत भांडे हलवू नये. पक्ष्यास ढाबळीत तत्परतेने आणणे हे काम शिटी व दाण्याचा डबा उत्तम रीतीने करतात. उन्हाळ्यात उड्डाण सूर्योदयाच्या सुमारासच आटोपावे.

पाण्याचा अंदाजही मोठा नाही. रोलर जातीचे पाव किलोच्या आसपास वजनाचे कबुतर साधारण दिवसाला ३० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. उन्हाळ्यात व पिले असताना याहून अधिक. म्हणजे २० पक्ष्यांच्या थव्यास एरवी एक लिटर पुरते. उन्हाळ्यात दोन लिटरांची सोय असावी.

पिले असलेल्या जोडीच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत नाही. नर व मादी दोघेही आरंभीचे दिवस पिलांना अन्नपिशवीत तयार होणारे दूध भरवितात व पुढे भिजलेला दाणा देतात. पिलांना पाणी मिळते ते केवळ आईबापांच्या चोचीतून. येथे दुपारचे चार तास भांडे कोरडे राहिले तर त्याचा दंड घरट्यातील पिलांना भरावा लागतो.

ओली शीट आणि रिकामे भांडे

शीट पातळ झाली की पाणी तोडावयाचे, ही या रूढीतील सर्वांत घातक समजूत होय. कोंबड्यांचा रानीखेत रोग, ज्यास खेड्यात मानमोडी म्हणतात, भारतात १९२७-२८ च्या सुमारास रानीखेत येथे ओळखला गेला. त्याच विषाणूचा कबुतरांत रुळलेला एक प्रकार १९८० नंतरच्या दशकात युरोपभर व पुढे जगात अन्यत्र पसरला. त्यात पक्षी एकसारखे पाणी पितो, शीट पाण्यासारखी होते व पुढे मान वाकडी होते. अशा वेळी शरीरातून जाणारे पाणी भरून काढण्यासाठीच तो पीत असतो. भांडे उचलल्याने रोग हटत नाही. पक्षी मात्र लवकर दगावतो, आणि रोगाची पहिली खूण पालकाच्या नजरेआड होते. तोवर शिटेवाटे विषाणू साऱ्या ढाबळीत पसरलेला असतो, आणि त्याच अंगणात कोंबड्या असतील तर त्यांनाही धोका संभवतो. यास्तव पातळ शीट दिसताच पक्षी वेगळा करावा, त्यास पाणी भरपूर द्यावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. कबुतरांसाठी या रोगाची प्रतिबंधक लस असते. तिचा सल्लाही तेथेच घ्यावा.

भांडे आणि औषधे

पाणी सदैव ठेवावयाचे तर ते स्वच्छ असलेच पाहिजे, नाहीतर हित करता करता अहित व्हावयाचे. घशात पिवळसर, पनीरासारखा थर आणणारा ट्रायकोमोनास हा सूक्ष्म जीव एकाच भांड्यातील पाण्यातून एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. पंखाचा सांधा सुजविणारे साल्मोनेला जंतू शीट पडलेल्या पाण्यातून पसरतात. यावर उपाय साधा आहे. कबुतर कोंबडीप्रमाणे मान वर करून घोट गिळत नाही. ते चोच बुडवून पाणी ओढून घेते. म्हणून कडेला अडीच-तीन सेंटिमीटर खोल पाणी राहील असे, वरून झाकलेले व जमिनीपासून वीटभर उंच ठेवलेले भांडे घ्यावे. भांड्यांचे दोन संच असावेत. एक वापरात असता दुसरा घासून उन्हात खडखडीत वाळवावा. ट्रायकोमोनास कोरडेपणात जगत नाही. घरातील माणसे जे पाणी पितात तेच कबुतरांस द्यावे. अंघोळीचे पसरट भांडे आठवड्यातून एकदोनदा ठेवावे आणि तासाभरात उचलावे, कारण पक्षी ते मळलेले पाणीही पितात.

पाण्यात नेहमी काहीतरी मिसळत राहण्याची सवयही सोडली पाहिजे. औषध किती पोटात जाईल हे पक्षी किती पाणी पितो यावर ठरते. उन्हाच्या दिवशी तो अधिक पितो, आजारी पक्षी पुष्कळदा कमी पितो. रोगाचे निदान न करता दर आठवड्यास घशाच्या रोगाची गोळी पाण्यात विरघळविल्याने जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात आणि खऱ्या साथीच्या वेळी हाती काही उरत नाही. जीवनसत्त्वे व साखर घातलेले पाणी उन्हात लवकर नासते. सिरका घालावयाचाच तर जस्ताच्या मुलाम्याचे भांडे वापरू नये, कारण आम्लाने जस्त पाण्यात उतरते.

खरी कसोटी

अखेरीस एक मुद्दा पैदाशीचा. कोलांटीचा गुण आनुवंशिक आहे. कोणत्या पक्ष्याची जोडी लावावी आणि कोणता बाजूस काढावा, हे ठरविण्यासाठी त्याचा खरा गुण दिसला पाहिजे. जो थवा तहानलेला ठेवूनच उडविला जातो, त्याच्या खेळात रक्ताचा भाग किती आणि तहानेचा किती, हे कोणासही सांगता येणार नाही. अशा निवडीवर उभारलेली पैदास दोन-चार पिढ्यांत पालकास फसविते. पोटात पाणी व अंगात बळ असताना जो पक्षी उंचावरून नीट कोलांट्या घेतो आणि वेळेवर सावरतो, तोच जोडीस लावण्यायोग्य होय. तेव्हा दाण्याचे माप अवश्य सांभाळावे. पाण्याचे भांडे मात्र दिवसा भरलेले, झाकलेले व स्वच्छ असावे. संगोपनातील इतका स्वल्प खर्चाचा व इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.