खोडदची शांतता राखली पाहिजे

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, अर्थात ‘जीएमआरटी’, २९ जून २०२३ रोजी जागतिक विज्ञानाच्या केंद्रस्थानी आली. भारत, जपान आणि युरोपातील वैज्ञानिकांनी त्या दिवशी अतिमंद कंपनांच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. मृत ताऱ्यांचे अवशेष असलेले काही स्पंदक सेकंदाला शेकडो वेळा स्वतःभोवती फिरतात. त्यांची नियमितता उत्तम घड्याळासारखी असते. अशा २५ स्पंदकांच्या दीर्घकालीन नोंदींत किंचितशी मागेपुढे आढळली. परस्परांभोवती फिरणाऱ्या प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या अवकाशाला हे हेलकावे देत असाव्यात, असे मानले जाते.

या शोधात खोडदचा वाटा शोभेपुरता नव्हता. ताऱ्यांमधील विरळ वायूमुळे स्पंदने उशिरा पोहोचतात. हा विलंब अचूक वजा करण्यासाठी कमी कंप्रतेची निरीक्षणे लागतात. ती या दुर्बिणीने दिली.

ही क्षमता कोणाच्या कृपेने मिळालेली नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या पोलादी दोरांवर तारेची हलकी जाळी बसवण्याची युक्ती योजली. त्यामुळे वजन घटले, खर्च आवाक्यात आला आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच मातीत उभ्या राहिल्या. स्वदेशी प्रतिभेचा याहून बोलका दाखला कोणता?

परंतु जी रेडिओ-शांतता पाहून ही जागा निवडली गेली, तिच्यावरच आज अतिक्रमण होत आहे. मोबाईलचे मनोरे, वीजवाहिन्या आणि वाढते उद्योग यांच्या कोलाहलात आकाशातील क्षीण संकेत बुडून जातात. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही हाच प्रश्न उभा राहिला. तेथील शेतकऱ्याला रेल्वे हवी, रोजगार हवा. ही मागणी न्याय्यच आहे. म्हणून दुर्बीण की विकास, असा वाद पेटवण्यात शहाणपण नाही. रेल्वेमार्ग वळवता येतो, कारखाना अन्यत्र नेता येतो. गमावलेली शांतता मात्र विकत मिळत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या आखणीपूर्वीच वैज्ञानिकांचे मत घ्यावे आणि निर्बंधांची झळ सोसणाऱ्या गावांना पर्यायी लाभ द्यावा, हे शासनाचे कर्तव्य आहे.

समाजाचेही कर्तव्य आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. देवदर्शनाला निघावे तितक्या ओढीने कुटुंबांनी तेथे मुलांना न्यावे. शेजारच्या वैभवाची ओळख असलेला समाजच त्याचे रक्षण करतो.