खाड्यांची वही

प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून पहिल्या वर्षाची मुले वसतिगृहात सामान टाकतात, तेव्हा कोकणात पाऊस ऐन भरात असतो. आईवडील गादी, बादली, घरच्या चिवड्याचा डबा खोलीत ठेवतात, मुलाच्या पाठीवरून हात फिरवतात आणि जाताना रेक्टरच्या दारापाशी थांबतात. बोलतात एकच वाक्य, "सर, जरा लक्ष असू द्या." आपण मान हलवतो. लक्ष असणे म्हणजे रोजच्या कामात नेमके काय करणे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

लहान गावातल्या महाविद्यालयात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने २०१२ साली गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. विद्यापीठ मुंबईचे, पण मुंबई एसटीने एका रात्रीच्या अंतरावर. ठाण्यात कॉलेज चालवणे आणि वेळणेश्वरात चालवणे यांतला फरक संध्याकाळी पाचनंतर कळतो. ठाण्यातली बरीचशी मुले लोकल पकडून घरी जातात. वेळणेश्वरात बाजारासाठी शृंगारतळी किंवा गुहागर गाठावे लागते, रेल्वेसाठी चिपळूण. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावरचा फेरफटकाही बंद. मग अभ्यास, जेवण, भांडण, वाढदिवस, आजारपण, घरची आठवण हे सगळे एकाच छपराखाली घडते. दिवसातले सात-आठ तास कॉलेजचे. उरलेले सोळा तास वसतिगृहाचे आणि म्हणून रेक्टरचे. दापोलीचे कृषी विद्यापीठ असो की लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ, गावकुसाला वसलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत कमीअधिक प्रमाणात हेच चित्र आहे. शहरातल्या मुलाला मेस आवडली नाही तर तो दुसरी शोधतो, खोलीत करमले नाही तर मित्राकडे जातो. इथे दुसरी मेस नाही, दुसरा दरवाजा नाही.

या सोळा तासांवर आपण लक्ष ठेवतो ते रात्रीच्या हजेरीने. मूल आत आहे की बाहेर, एवढेच हजेरी सांगते. ते कसे आहे, हे सांगणारी वही दुसरीच असते आणि ती मेसमध्ये खिळ्याला टांगलेली असते: खाड्यांची, म्हणजे चुकलेल्या जेवणांची, वही.

मी नवा रेक्टर होतो तेव्हाची गोष्ट. रात्री साडेनऊची हजेरी मी नेमाने घेत असे आणि त्याचा मला अभिमान होता. महिनाअखेरीस हिशेब करताना मेसच्या मावशी म्हणाल्या, "सर, ह्या पोराचे रात्रीचे अकरा खाडे आहेत. पैसे वळते करायचे ना?" मी वही पाहिली. सलग अकरा रात्री त्याच्या नावापुढे फुली होती. माझ्या हजेरीपटावर त्याच अकरा रात्री तो हजर होता. पहिल्या चाचणीत गणितात तो नापास झाला होता. सगळ्यांसमोर ताट घेऊन बसायची लाज वाटायची, म्हणून खोलीत बिस्किटांच्या पुड्यावर रात्र काढायचा. मेस सेक्रेटरीने न चुकता फुल्या मारल्या, मावशींनी न चुकता त्या मोजल्या आणि मी न चुकता "हजर" लिहिले. तिघांचेही काम चोख झाले होते, मूल तेवढे उपाशी राहिले होते.

तेव्हापासून मी एक नेम पाळला आणि तोच आज सर्व रेक्टर, अधीक्षक, गृहपाल बंधुभगिनींपुढे ठेवतो. मेस बंद झाली की पाच मिनिटे ती वही घेऊन बसायचे. सलग दोन रात्री खाडा दिसला तर रूममेटला सहज विचारायचे. तिसऱ्या रात्री आपण स्वतः त्याच्या खोलीत जायचे, कॉटच्या कडेला बसायचे आणि "जेवलास का?" एवढेच विचारायचे. ऑफिसात बोलावणे धाडायचे नाही, चारचौघांत चौकशी करायची नाही. खाडा हा गुन्हा नाही, हे मुलाला आपल्या आवाजावरून कळले पाहिजे.

खाड्यामागची कारणे बहुतेक वेळा चारपाचच असतात. तिखट-मीठ मानवत नाही, पोट बिघडले आहे, कुणी त्रास देते आहे, मन लागत नाही, किंवा पैसे वाचवायचे आहेत. हे शेवटचे कारण मुले सर्वांत जास्त लपवतात. म्हणून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार यांसारख्या योजना कुणाला लागू, कागद कोणते, हे रेक्टरला तोंडपाठ हवे. मुलींच्या वसतिगृहात खाड्यापुढे "उपास" लिहिलेले असते. सोमवार आणि चतुर्थी आपल्याला कळते. पण आठवड्यात चार उपास दिसले, तर रेक्टरबाईंनी त्या मुलीशेजारी बसून एक कप चहा घ्यावा.

हे काम नवे नाही. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की ते त्यांची अंथरुणे नीट घालून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत, आणि रोज हाताने लिहून छात्रालयाचे दैनिक फळ्यावर लावत. त्याच १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे केले. तिथे मुलांच्या जेवणात खंड पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. आपल्याकडे एवढ्या त्यागाची अपेक्षा कुणी करत नाही. पण अंथरूण आणि ताट या दोन गोष्टींतून मूल वाचता येते, हे या माणसांना ठाऊक होते.

अंथरुणाचे म्हणाल, तर कोकणातल्या पावसात तेच पहिले दगा देते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मराठवाड्यातून आलेल्या मुलाने वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पाहिलेला असतो. गादीला कुबट वास येतो, वह्या सादळतात, ओले कपडे अंगावर वाळवल्याने नायटा होतो आणि मूल लाजेने डॉक्टरकडे जात नाही. यावर उपाय साधा आहे: दोऱ्या आणि पंखे असलेली एक कपडे वाळवायची खोली. इमारतीचा नकाशा काढताना ही खोली विसरली जाते, मग मुले जिन्याच्या कठड्यावर कपडे टाकतात आणि आपण त्याबद्दल दंड करतो.

रसदीचेही तसेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. गुहागर तालुक्याचा बाजारहाट आणि रेल्वे ज्या शहरावर विसंबून, तेच पाण्याखाली गेले. आठ दिवसांचे तांदूळ, डाळ, गॅस, जनरेटरचे डिझेल आणि ताप-जुलाबाची औषधे मे महिन्यातच भरून ठेवणे हा वसतिगृहाच्या कामाचाच भाग आहे.

पावसापाठोपाठ गणपती येतात. कोकणातली मुले घरी पळतात, मेसचे आचारी गावचेच, तेही जातात. मागे उरतात आरक्षण न मिळालेली विदर्भ-खानदेशची दोन-चार मुले. रिकाम्या इमारतीतले ते पाच दिवस पहिल्या वर्षाच्या मुलाला फार लांब वाटतात. अशा वेळी पालकांना फोन करून, परवानगी घेऊन, त्यांना गावातल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरी आरतीला न्यावे. कोकणात आरतीला आलेल्याला प्रसाद घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही. त्या एका संध्याकाळनंतर गाव मुलाचे होते आणि मूल गावाचे.

संस्थाचालकांनाही सांगणे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनी प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन सांगितला आहे, तो अहोरात्र उपलब्ध हवा असे म्हटले आहे आणि नव्या मुलांना शक्यतो स्वतंत्र ठेवायला सांगितले आहे. प्रत्यक्षात नव्याने लागलेल्या एखाद्या अधिव्याख्यात्याच्या गळ्यात "अतिरिक्त कार्यभार" म्हणून हे काम पडते. दिवसा पाच तास शिकवून, रात्री दोनशे मुलांचे आजार आणि भांडणे सांभाळून, त्याने वही कधी वाचावी? रेक्टरला त्या कामाचा मोबदला द्या, शिकवण्याचे तास कमी करा, आठवड्याला एक हक्काची सुट्टी द्या आणि समुपदेशनाचे प्रशिक्षण द्या. लहान गावातल्या कॉलेजात विद्यार्थी टिकतो की पहिल्याच वर्षी दाखला काढून परत जातो, हे प्रयोगशाळेपेक्षा वसतिगृहात जास्त ठरते.

यंदा एखादी आई दारात थांबून "सर, लक्ष असू द्या" म्हणाली, तर नुसती मान हलवू नका. तिला मेसमध्ये न्या, खिळ्याला टांगलेली ती वही दाखवा आणि म्हणा, "ताई, तो जेवला नाही तर मला त्याच रात्री कळेल." आणि मग रोज रात्री पाच मिनिटे बसून तो शब्द पाळा.