औषधशास्त्राचा प्रबंध आणि त्याचा दुसरा वाचक

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, डायमंड हार्बर रस्त्याच्या दुतर्फा वसलेल्या बेहालातील एखादा विद्यार्थी औषधशास्त्रातील डॉक्टरेट पूर्ण करतो, तेव्हा त्याचा प्रबंध बहुधा इंग्रजीत असतो. घरी तो बंगाली बोलतो. पुण्या-नागपूरच्या मराठी संशोधकाची स्थिती याहून वेगळी नाही. आंतरराष्ट्रीय विद्याव्यवहारास इंग्रजी आवश्यक आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु अशा प्रबंधाला परीक्षकावाचून दुसराही एक वाचक असतो : ज्याच्यावर औषध पारखले जाते तो रोगी.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. बिहारात ही वनस्पती ‘पागल की दवा’ म्हणून परिचित होती. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणाची नोंद केली. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी आपले निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. लोकभाषेतून निघालेले ज्ञान असे इंग्रजीत सिद्ध झाले. ते लोकभाषेत परत आणण्याची जबाबदारी मात्र विद्यापीठांनी आपली मानली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ शरदिनी डहाणूकर यांनी वनस्पतींविषयी रसाळ मराठी लेखन केले, ते स्वतःच्या ओढीने.

औषधचाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत माहिती देऊन तिची लेखी संमती घ्यावी लागते. म्हणजे रोग्याचा भाषिक हक्क कायद्याने मानला आहे; संशोधकाला त्या भाषेचे शिक्षण मात्र दिलेले नाही. मग संमतिपत्रात ‘यादृच्छिक विभागणी’ असा शब्द येतो. परिभाषा म्हणून तो निर्दोष आहे. पण ‘कोणास कोणते औषध मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरेल’ हे वाक्यच रोग्याला कळते. न कळलेल्या मजकुराखालची सही ही संमती नव्हे.

म्हणून औषधशास्त्राच्या प्रत्येक प्रबंधास मातृभाषेतील एक प्रकरण सक्तीचे असावे, आणि त्याच्या परीक्षणात भाषाविभागांनी भाग घ्यावा. भाषांतर हे केवळ ललित साहित्याचे क्षेत्र आहे, ही समजूत साहित्याच्या अभ्यासकांनीही सोडली पाहिजे. कादंबरीच्या अनुवादातील चुकीने रसहानी होते. संमतिपत्रातील चुकीची किंमत रोग्याला आपल्या देहाने द्यावी लागते.