युद्धपट दाखवायचाय ना? मग हुकूम कुणी दिला तेही दाखवू

परवापासून आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर जुंपलीय. विषय तसा साधा. २६ जानेवारीच्या निमित्ताने वाचनालयाच्या हॉलमध्ये पडदा लावायचा आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना एक युद्धपट दाखवायचा. प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहे, चहाचा खर्च एकाने अंगावर घेतलाय. प्रश्न एवढाच, की सिनेमा कुठला?

आमच्या सातारा जिल्ह्यात पहाटे साडेचारला कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा, अंधारात पोरं पळताना दिसतील. कुणाचा आजा फौजेत होता, कुणाचा चुलता. त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न म्हणूनच मला टाइमपासचा वाटत नाही.

पहिली सूचना अर्थातच 'बॉर्डर'. दुसरी पुण्यात आयटीत असलेल्या आमच्या मित्राची, स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'. तिसरी आमच्या निवृत्त मुख्याध्यापक सरांची, डेव्हिड लीनचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. सरांच्या मते लीनसारखा दिग्दर्शक पुन्हा झाला नाही. मी लिहिलं, स्टॅनली क्युब्रिकचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' दाखवा. पाच मिनिटं ग्रुपवर शांतता. मग एकाने विचारलं, "हा कुठला काढला आता?" आणि दुसऱ्याने ट्रेलर बघून निकाल दिला, "काळापांढरा आहे, आणि त्यात फौजच आपल्याच माणसांना गोळ्या घालते. पोरांचं मनोधैर्य खचवायचंय का?"

ग्रुपवर नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी दुसऱ्यांच्या बाजूने बोलतो. 'रायन' १९९८चा. ओमाहा बीचवर उतरण्याची सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं ज्याने पाहिली, तो ती विसरत नाही. बोटीचं दार उघडतं आणि पहिल्या रांगेतली माणसं पाऊल टाकायच्या आत संपतात. गोळी लागणं म्हणजे छातीवर हात ठेवून डायलॉग मारणं नव्हे, हे स्पीलबर्गने जगभरच्या प्रेक्षकांना दाखवून दिलं. त्याबद्दल त्याला मिळालेलं दिग्दर्शनाचं ऑस्कर रास्तच.

लीनचा 'क्वाय' १९५७चा. जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकल्सन आधी तत्त्वासाठी छळ सोसतो, आणि मग शिस्तीच्या नादात शत्रूसाठीच उत्तम पूल बांधून देतो. ॲलेक गिनेसने हे काम असं केलंय की शेवटी आपल्याला त्याचा राग येतो आणि दयाही येते. लीनने श्रीलंकेच्या जंगलात खराखुरा पूल उभारला आणि आगगाडीसकट उडवला. आजच्या कॉम्प्युटरी स्फोटांपुढे तो प्रसंग अजून भारी वाटतो. सात ऑस्कर मिळाले. सरांचं प्रेम मला समजतं.

गंमत अशी की 'पाथ्स ऑफ ग्लोरी'सुद्धा त्याच १९५७ सालचा. क्युब्रिकने तेव्हा तिशीही गाठली नव्हती. दीड तासाच्या आत संपणारा सिनेमा. ऑस्करचं एक नामांकनसुद्धा नाही. फ्रान्समध्ये तर तो १९७५ पर्यंत दाखवलाच गेला नाही.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली, फ्रेंच लष्करातली. एका मोठ्या हवेलीत दोन जनरल बसलेत. भिंतींवर चित्रं, खाली गुळगुळीत फरशी. वरिष्ठ जनरल गोड बोलतो. एक टेकडी घ्यायचीय, दोन दिवसांत. धाकटा जनरल म्हणतो, अशक्य, माझी माणसं थकलीत. वरिष्ठ हळूच बढतीचा विषय काढतो. आणि बघता बघता अशक्य ते शक्य होतं. पुढच्या प्रसंगात तोच जनरल कर्नल डॅक्सला हिशोब सांगतो. इतके टक्के आपल्याच तोफांनी जातील, इतके मधल्या मोकळ्या पट्ट्यात, इतके तारांपाशी. बेरीज करा, अर्ध्याहून जास्त माणसं. वाण्याच्या दुकानात यादी वाचावी तसा वाचतो.

हल्ला फसतो. फसणारच होता. चिडलेला जनरल आपल्याच खंदकांवर तोफा डागायचा हुकूम देतो. तोफखान्याचा अधिकारी म्हणतो, लेखी द्या. लेखी काही येत नाही. मग अपयशाचं खापर फोडायला बकरे हवेत. शंभर जणांना गोळ्या घालण्यापासून घासाघीस सुरू होते आणि तीनवर सौदा ठरतो. एकाची निवड चिठ्ठी टाकून, आणि तो शौर्यपदक मिळवलेला जवान. दुसऱ्याची, तो लोकांना नकोसा म्हणून. तिसऱ्याची निवड त्याचा लेफ्टनंट करतो, कारण त्या लेफ्टनंटचा भेकडपणा या जवानाने डोळ्यांनी पाहिलेला असतो. खटल्यात आरोपपत्र वाचलं जात नाही, जबान्यांची नोंद होत नाही.

ही नुसती कल्पना नाही. १९१५च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या सुएँ इथे चार कॉर्पोरलना असंच उदाहरण म्हणून गोळ्या घातल्या. त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे १९३४ साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. त्या प्रकारावरून कादंबरी आली आणि कादंबरीवरून सिनेमा.

आता माझा मुद्दा. अख्ख्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त समोरचा जर्मन सैनिक एकदाही दिसत नाही. गोळ्या येतात, तोफगोळे येतात, माणूस दिसत नाही. क्युब्रिकचा कॅमेरा खंदकात जितका फिरतो तितकाच हवेलीत फिरतो. जिथे हुकूम निघतो ती खोली आणि जिथे तो पोचतो तो चिखल, दोन्ही एकाच सिनेमात, एकाच नजरेने दिसतात. माझ्या लेखी युद्धपटाच्या दिग्दर्शकाची खरी परीक्षा हीच. स्फोट कुणीही करेल, पैसे असले की झालं.

स्पीलबर्गही त्या खोलीत जातो, नाही असं नाही. 'रायन'मध्ये जनरल मार्शल लिंकनचं पत्र वाचून दाखवतो, मुलगे गमावलेल्या आईला लिहिलेलं, आणि शेवटच्या भावाला परत आणायचा हुकूम देतो. ती खोली दयाळू आहे. असे सेनापती नसतातच असं मी म्हणणार नाही. शिवाय हिटलरशी लढणं भाग होतं, आणि पहिल्या महायुद्धाबद्दल तसं म्हणणं अवघड आहे. हा फरक मान्य. पण सगळ्याच खोल्या दयाळू असतात असा समज पोरांनी करून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि लीन? त्याच्या पुलाच्या गोष्टीतून मोठी माणसंच गळाली. थायलंड ते ब्रह्मदेश या खऱ्या रेल्वेवर दोस्तराष्ट्रांचे बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ मजूर होते. सिनेमाभर शिट्टी वाजवत संचलन करणारे गोरे सैनिक दिसतात, हे मजूर जवळपास दिसतच नाहीत. इतक्या मोठ्या पडद्यावर त्यांना जागा मिळाली नाही. सर, तुमचा लीन मोठाच आहे, पण मोठ्या दिग्दर्शकालाही कुणाकडे बघायचं नाही हे ठरवता येतं.

ग्रुपवर कुणीतरी कोपोलाचा 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) पण सुचवला, "तो तर युद्धविरोधीच आहे" म्हणून. आहे की. पण त्यातली वाग्नरच्या संगीतावर गावावर झेपावणारी हेलिकॉप्टरं बघा. २००५च्या 'जारहेड' सिनेमात एक प्रसंग आहे, आखाती युद्धावर निघायच्या आधीचे अमेरिकन मरीन थिएटरात बसून तोच हल्ला बघतात आणि बेभान होऊन ओरडतात. एका मरीनच्याच आठवणींवर तो सिनेमा बेतलाय. दिग्दर्शकाच्या मनात काहीही असो, थाट एवढा देखणा झाला की टाळ्याच पडतात. क्युब्रिकच्या हल्ल्यावर टाळी वाजवून बघा. वाजत नाही.

"फ्रेंच फौजेशी आपला काय संबंध?" असंही एकाने विचारलं. संबंध आहे, आणि पुण्याच्या नावाचा आहे.

त्याच पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन पाठवली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. रसद तोकडी, औषधपाणी अपुरं, तरी वरिष्ठांना बगदाद घ्यायची घाई. बगदादजवळ टेसिफॉनला मार बसला, फौज मागे हटून कुट इथे अडकली. १९१५च्या डिसेंबरपासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. घोडे कापून खायची वेळ आली. सोडवायला आलेल्या फौजेचेच वीस हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. शेवटी साधारण तेरा हजार माणसं शरण गेली. जवानांना वाळवंटातून पायी हाकललं, त्यातले हजारो परत आलेच नाहीत. त्यांचा जनरल टाउन्शेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला, आणि कैदेत असतानाच त्याला 'सर' किताब मिळाला. पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ साली भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. पण सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांत माणूस परत आला नाही, त्या घरांना या राजीनाम्याचं काय?

क्युब्रिकची हवेली मला तिथे दिसते. आपल्या या माणसांवर मोठा सिनेमा काढावा असं कुणाला वाटलेलं नाही, हे दुखणं वेगळंच.

आणि स्वतंत्र भारताचं काय? चेतन आनंदचा 'हकीकत' १९६४चा, १९६२च्या पराभवानंतर लगेच आलेला. लडाखच्या थंडीत अपुऱ्या साधनांनिशी लढणाऱ्या जवानांचं दुःख त्यात मनापासून आलंय, आणि तो बघून आजही घसा दाटतो. पण ती वेळ कुणामुळे आली, हा प्रश्न तो सिनेमा फारसा विचारत नाही. त्या युद्धाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आजतागायत कुठल्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षं उलटून गेली. यावर कुठल्या चॅनेलवर सायरन वाजवून चर्चा झाल्याचं तुम्हाला आठवतंय का?

माझे आण्णा फौजेत होते, हवालदार म्हणून घरी आले. टीव्हीवर लढाईचा सिनेमा लागला की ते शेवटपर्यंत बघायचे आणि एकच विचारायचे, "हुकूम कुणाचा होता?" लहानपणी वाटायचं, म्हाताऱ्याला गोष्ट समजली नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता वाटतं, त्यांनाच समजली होती. फौजेबद्दल एक वाईट शब्द त्यांनी कधी काढला नाही, आणि हा प्रश्नही कधी सोडला नाही. दोन्ही एका माणसात राहू शकतं.

म्हणून मनोधैर्याबद्दल एवढंच. जी पोरं पहाटे साडेचारला उठून पळतात, त्यांचं मनोधैर्य दीड तासाच्या सिनेमाने खचत नाही. आपण त्यांना फार कच्चं समजतो. खरी काळजी आपल्यासारख्यांची आहे, जे सोफ्यावर बसून मोबाईलवर लढाया पेटवतो आणि ज्यांच्या घरातलं कुणी सीमेवर जाणार नाही. हा सिनेमा पोरांपेक्षा आपण बघायची जास्त गरज आहे.

माझी सूचना ग्रुपवर टाकलीय, इथेही टाकतो. २६ला 'बॉर्डर' दाखवा, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. पण आदल्या शनिवारी संध्याकाळी 'पाथ्स ऑफ ग्लोरी' होऊ द्या. इंग्रजी समजणार नाही ही अडचण खरी आहे. मी सुरुवातीला दहा मिनिटं मराठीत गोष्ट सांगेन, आणि अधूनमधून थांबवून बोलेन. सरांनी यावं, लीनची बाजू मांडावी, सिनेमानंतर खुशाल भांडू.

शेवटचा प्रसंग मात्र मी थांबवणार नाही. त्या तिघांना गोळ्या घातल्यानंतर उरलेले जवान दारूच्या गुत्त्यात बसलेत. पकडून आणलेल्या एका जर्मन पोरीला गायला लावतात. आधी शिट्ट्या, आरडाओरडा. ती रडत रडत गाते. भाषा कुणाला कळत नाही, पण हळूहळू सगळे गप्प होतात, गुणगुणायला लागतात, डोळे पुसतात. बाहेर कर्नल डॅक्सला निरोप येतो, पलटणीला परत आघाडीवर जायचंय. तो म्हणतो, त्यांना अजून थोडी मिनिटं देऊ.

त्या चेहऱ्यांत मला आमच्या रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. ती भरती होणार, झालीच पाहिजेत, आपल्याला अभिमान वाटणार. पण त्यांना पाठवताना हुकूम कुणाचा, कशासाठी, हे विचारायची जबाबदारी मागे राहणाऱ्यांची, म्हणजे आपली.

शनिवार, संध्याकाळी सात. हॉलची परवानगी मिळाली की कळवतो. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर नक्की या.