भाड्याने दिलेले घर आणि भांडवली नफा

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील माणसे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेली, त्यास कित्येक घरांत दोन-तीन पिढ्या लोटल्या. मागे राहिलेल्या घराच्या दोन खोल्या एखाद्या शिक्षकास वा सरकारी नोकरास भाड्याने द्यावयाच्या, म्हणजे घरात दिवा लागतो आणि कौलांची निगा राहते, ही आपली जुनी रीत. आता तेच घर विकण्याची वेळ येते तेव्हा वारसांस पहिली शंका येते ती ही, की ज्या घराचे आपण भाडे घेतले त्याच्या विक्रीवर करसवलत मिळेल काय?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : मिळेल. भांडवली नफ्यावरील कर आपल्याकडे १९४७ साली प्रथम आला, दोन वर्षांतच गेला, आणि १९५६ साली कॅल्डॉर यांच्या अहवालानंतर टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो पुन्हा बसविला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ५४ व्या कलमाने राहत्या घरास सवलत दिली. परंतु विक्रीपूर्वीची दोन वर्षे मालक वा त्याचे आईवडील त्या घरात राहिलेले असावेत, अशी अट घातली. १९८२ च्या वित्त कायद्याने ती अट काढून टाकली. तेव्हापासून घर निवासी असले आणि ठरावीक मुदतीहून (आता चोवीस महिन्यांहून) अधिक काळ मालकीचे असले, की ते भाड्याने दिलेले होते म्हणून सवलत बुडत नाही. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख आहे, त्या २०२५ च्या नव्या कायद्यातही हीच योजना कायम ठेवण्यात आली आहे.

येथवर सरकारचे धोरण उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे मालकाने त्या घरात राहावे लागते. मात्र ती अट पुरी झाली, की ठरावीक मर्यादेपर्यंतचा नफा करमुक्त होतो आणि त्या पैशाचे काय केले, हे कोणी विचारीत नाही. आपल्याकडे नेमके उलट आहे. दोन वर्षांत दुसरे घर विकत घ्या वा तीन वर्षांत बांधा, तरच सवलत. तीही गुंतविलेल्या रकमेपुरतीच.

अन्याय येथे आहे. ज्याला पुण्यात आणखी एक सदनिका घ्यावयाची आहे, तो करातून सुटतो. ज्या वृद्धाला भोरचे घर विकून औषधपाणी करावयाचे आहे, वा बहिणीचा वाटा रोख द्यावयाचा आहे, त्याला कर भरावा लागतो. शिवाय वेल्ह्याच्या दुर्गम खेड्यातील शेतजमीन कायद्याने भांडवली मालमत्ताच मानली जात नाही; तिचा नफा सर्वस्वी मुक्त. त्याच खेड्यातील, त्याच मालकाचे गावठाणातले घर मात्र करपात्र! या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे.

रकमाही क्षुल्लक नाहीत. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईनिर्देशांकाचा लाभ गेला. त्यापूर्वी मिळविलेल्या घरांपुरता, निवासी भारतीयांस, जुना वीस टक्क्यांचा हिशेब खुला आहे. १ एप्रिल २००१ रोजी पाच लाखांचे असलेले घर २०२५-२६ मध्ये तीस लाखांस विकले, असे समजा. उपकर व मूळ करमुक्त मर्यादा बाजूला ठेविली, तर नव्या पद्धतीने कर ३ लाख १२ हजार ५०० रुपये येतो. जुन्या पद्धतीने २ लाख २४ हजार. परदेशी स्थायिक झालेल्या भावास हा पर्याय नाही. एकाच वाड्याचे दोन वाटेकरी, आणि कराचे माप मात्र दोन!

विक्रेत्यांनी खरेदीखतापूर्वीच २००१ चे मूल्यांकन करून घ्यावे, आणि नवे घर मिळण्यास विलंब असल्यास विवरणपत्राच्या मुदतीत रक्कम भांडवली नफा खात्यात ठेवावी, हे शहाणपणाचे होय. पण नागरिकाच्या सावधपणाने कायद्याचा दोष झाकला जात नाही. वडिलोपार्जित एकमेव घराच्या माफक नफ्यास, आयुष्यात एकदा, पुनर्गुंतवणुकीच्या अटीवाचून सवलत द्यावी, अशी आमची मागणी आहे. १९८२ साली संसदेने एक अनावश्यक अट दूर केली. दुसरी दूर करण्यास आता विलंब लावू नये.