स्टेंटचा हिशेब

मी गोदीत ओझी उचलतो, पण मॅट्रिकपर्यंतचा हिशेब मलाबी येतो. हृदयाची तुंबलेली नळी उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटला 29,600 रुपयांचा लगाम घातला. आधी लाखाच्या वर विकत होते, साले! त्याच साली जव्हारकडच्या जामसरात रोहयोची मजुरी 201 रुपये. करा भागाकार. एका स्टेंटला 147 दिवस! केंद्राच्या कायद्याची हमी होती 100 दिवसांची. म्हणजे सगळे दिवस राबून, एक दाणा न खाता, स्टेंट उधारच. फुल्यांच्या नावाची योजना अँजिओप्लास्टीचं बिल भरते, खरंय. पण बापासोबत नाशिक-मुंबईला गेलेल्या पोराची बुडालेली मजुरी? ती योजनेतच घाला. भीक नाही, हक्काचा रोज मागतोय.